अंधाऱ्या गावात जाऊनही एच-आल्फात तेजोमेघ उमटत नसेल तर

दिवाळी उलटली, आकाश धुऊन निघालं, की अमावास्येनंतरच्या सोमवारी मला हमखास एक-दोन फोन येतात. शनिवारी रात्री मंडळी तेजोमेघांचे, म्हणजे आकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांचे, फोटो काढायला गाडीत सगळा संसार भरून भंडारदऱ्याच्या बाजूला नाहीतर वेल्ह्याकडे जाऊन आलेली असतात. पाच-सहा तास जागून हाती आलेलं चित्र बघून तोंड उतरलेलं. तक्रारही ठरलेली: "अहो, घराच्या गच्चीवरून याच्यापेक्षा बरं आलं होतं. सेन्सर गेलाय बहुतेक."

सेन्सर सहसा गेलेला नसतो. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या असल्या केसेसमध्ये कॅमेरा खरोखर बिघडलेला असा एखाददुसराच. बाकी सगळ्यांचं दुखणं पुढच्यापैकी कुठेतरी होतं.

लक्षणं

- नॅरोबँड फिल्टर (एच-आल्फासारखा, प्रकाशाची एकच अरुंद पट्टी आत सोडणारा) लावून घेतलेली फ्रेम, म्हणजे एकेक फोटो, जवळजवळ काळी. हिस्टोग्रामचा (किती पिक्सेल किती उजळ ते दाखवणाऱ्या आलेखाचा) उंचवटा डाव्या भिंतीला चिकटलेला.
- शंभर-दोनशे फ्रेम स्टॅक करून (एकावर एक रचून) ताणल्या, म्हणजे फिका भाग उजळवला, की तेजोमेघाऐवजी खरखर आणि आडवे पट्टे वर येतात.
- तारे बारीक टिंबांसारखे नसून फुगलेले. किंवा दहा वाजता टोकदार होते, दोन वाजता मऊ झाले.
- एका बाजूने उजेडाची जीभ आत शिरल्यासारखी दिसते.
- चित्राच्या मधोमध धुरकट डाग, दर फ्रेमला थोडा मोठा होणारा.

पहिली दोन लक्षणं एकत्र असतील तर गेन (सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा तो आकडा) आणि एक्स्पोजरचा भाग नीट वाचा. तिसरं असेल तर फोकस आणि दव. शेवटचं एकटंच असेल तर मधलं सगळं सोडून थेट दवाकडे जा.

फुकटातली पहिली चाचणी: मृगातला एम ४२

काहीही उघडण्याआधी दुर्बीण मृगाच्या तलवारीकडे वळवा. एच-आल्फा फिल्टर लावून ३० सेकंदांची एकच फ्रेम घ्या. एम ४२ हा तिथला तेजोमेघ इतका तेजस्वी आहे की साधा, काहीही बदल न केलेला डीएसएलआर असला तरी त्याचा पंखा दिसलाच पाहिजे. उन्हाळ्यात मृग नसतो, तेव्हा धनूतला एम ८ घ्या.

एम ४२ दिसला म्हणजे सेन्सर जिवंत आहे, फिल्टर जागेवर आहे, आणि दोष तुमच्या रात्रीच्या हिशेबात आहे. नाहीच दिसला तर फिल्टर, फिल्टर बदलणारं चाक नाहीतर कॅमेरा. या एका फ्रेमने निम्मी शोधाशोध वाचते, म्हणून फोनवर मी आधी हेच विचारतो.

दुसरा फुकटातला प्रश्न: तुम्ही नेमकं काय टिपत होतात? एच-आल्फा फिल्टर फक्त ६५६.३ नॅनोमीटरच्या आसपासचा हायड्रोजनचा लाल प्रकाश आत सोडतो. कृत्तिकांभोवतीचं निळं धुकं किंवा राजन्याजवळचा आयसी २११८ हे धुळीवरून परावर्तित झालेल्या ताऱ्यांच्या प्रकाशाने दिसतात. त्यांच्यावर रात्रभर एच-आल्फा लावून बसलात तरी हाती काही लागणार नाही, आणि त्यात तुमची चूक एवढीच की लक्ष्य चुकीचं निवडलं. तसंच ययातीतल्या कॅलिफोर्निया तेजोमेघाचं, एनजीसी १४९९ चं. एच-आल्फात तो भरभरून देतो, पण ऑक्सिजनच्या ५००.७ नॅनोमीटरच्या ओ-थ्री फिल्टरमध्ये जवळजवळ गप्प असतो. एच-आल्फा छान आणि ओ-थ्री रिकामा आला तर आधी वस्तूला विचारा, फिल्टरला नंतर.

साधा डीएसएलआर वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. सेन्सरपुढे कंपनीने बसवलेली काच एच-आल्फाचा पाव हिस्सा किंवा त्याहूनही कमी आत सोडते. वर रंगीत सेन्सरच्या चार पिक्सेलांपैकी एकच लाल, म्हणजे बाकीचे तिघे या कामात बघे. असा कॅमेरा बिघडलेला नसतो, तो या कामाला अर्धपोटी असतो.

चाकात फिल्टर खरंच तोच आहे ना?

हसू नका. गेल्या हिवाळ्यात एका निवृत्त काकांनी चार तास शृंगाश्वातल्या रोझेटवर घालवले. तारे भरपूर, तेजोमेघ जेमतेम. पहाटे अडीचला मी चाकाचे स्क्रू काढले, टॉर्च तोंडात धरला, आणि बघतो तर पाचव्या खाचेत एच-आल्फा, तर सॉफ्टवेअरमध्ये एच-आल्फाचं नाव चौथ्या खाचेला. चौथ्यात होता साधा ल्युमिनन्स. चार तास त्यांनी सगळ्या रंगांचा उजेड एकत्र गोळा केला होता. काका म्हणाले, "मीच भरले हो फिल्टर, पण तेव्हा बसलो होतो उलट्या बाजूने."

ओळखायची खूण सोपी आहे. एच-आल्फातून तारे खूपच कमी दिसतात आणि पार्श्वभूमी डार्क फ्रेमपेक्षा (झाकण लावून घेतलेल्या फ्रेमपेक्षा) अगदी थोडीच उजळ असते. तुमच्या 'एच-आल्फा' फ्रेममध्ये ताऱ्यांचा सडा पडला असेल तर चाक उघडा. फिल्टर काठाने धरा आणि काचेला बोट लावू नका.

उजेडाची गळती

पाच मिनिटं शटर उघडं असतं तेव्हा नखाएवढी फटही खिडकी होते. दुर्बिणीला झाकण लावा आणि ३०० सेकंदांची फ्रेम घ्या. तेवढ्यात कोणालातरी टॉर्च घेऊन चाकाभोवती, फोकसरभोवती, न्यूटोनियन असेल तर आरशाच्या मागच्या बाजूने फिरायला सांगा. मग टॉर्च न लावता तशीच दुसरी फ्रेम घ्या. दोन्ही सारख्या आल्या पाहिजेत.

यात एक गंमत आहे. आपण लाल टॉर्च डोळ्यांसाठी निरुपद्रवी म्हणून बिनधास्त वापरतो. पण काही लाल एलईडींचा प्रकाश ६६० नॅनोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे एच-आल्फाच्या अगदी शेजारी. सात किंवा बारा नॅनोमीटरच्या फिल्टरला तो परका वाटत नाही. माउंटवरचा (दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरवणाऱ्या आधारावरचा) लाल दिवा, यूएसबी हबचा दिवा, पॉवर बँकेचे ठिपके, सगळ्यांवर काळी चिकटपट्टी मारा. डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर झाका. फिल्टर ड्रॉवर असेल तर त्याच्या फटीवर काळं कापड गुंडाळा. सगळ्याचा खर्च चिकटपट्टीच्या एका रिळाचा.

गेन आणि एक्स्पोजर: दहातल्या सहा केसेस इथे सापडतात

शहरातून आलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. गच्चीवर आकाश उजळ असतं. तिथे एका मिनिटाच्या फ्रेमवरही आकाशाचाच उजेड इतका साठतो की त्याच्या खरखरीपुढे कॅमेऱ्याची स्वतःची खरखर, म्हणजे रीड नॉइज, ऐकूच येत नाही. म्हणून तिथे छोट्या फ्रेम चालून जातात. आता आकाश काळं झालं आणि वर तुम्ही सात नॅनोमीटरचा फिल्टर लावलात. आकाश गप्प बसलं. मग आवाज कोणाचा उरला? कॅमेऱ्याचा. अंधाऱ्या जागी नॅरोबँड करताना आकाशापेक्षा तुमचाच कॅमेरा तुम्हाला जास्त नडतो.

आकड्यांत बघू. ८० मिमीची एफ/६ (नाभीय अंतर व्यासाच्या सहापट) दुर्बीण, ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल, ७ नॅनोमीटरचा फिल्टर आणि खरोखर अंधारं आकाश घेतलं, तर एका पिक्सेलवर आकाशाचे सेकंदाला ०.०२ च्या आसपास इलेक्ट्रॉन पडतात. मिनिटाच्या फ्रेममध्ये १.२. सोनीच्या आयएमएक्स ५७१ सेन्सरचा रीड नॉइज गेन १०० वर साधारण दीड इलेक्ट्रॉन. खरखरीचा हिशेब वर्गाने होतो, म्हणून २.२५. म्हणजे आकाशापेक्षा कॅमेऱ्याचाच वाटा दुप्पट. फ्रेम ३०० सेकंदांची केली की आकाशाचे ६ होतात आणि कॅमेऱ्याचे तेच २.२५ राहतात, कारण रीड नॉइज फ्रेममागे एकदाच लागतो. टोल नाक्यासारखं आहे: किती अंतर गेलात यावर नाही, किती वेळा नाका ओलांडलात त्यावर पैसे.

याच हिशेबाने पाच मिनिटांच्या फ्रेमनी पाच तासांत जे मिळतं, ते एका मिनिटाच्या फ्रेमनी मिळवायला दहा तासांहून जास्त लागतात. एक रात्र गेली ती अशी.

गेन शून्य ठेवला असेल तर आणखी वाईट. याच सेन्सरचा रीड नॉइज तिथे तीन इलेक्ट्रॉनांच्या वर जातो, वर्ग केला की दहाच्या पुढे. "गेन कमी ठेवला की नॉइज कमी" हे डीएसएलआरच्या आयएसओवरून आलेलं शहाणपण इथे उलटं पडतं. या सेन्सरला गेन १०० वर आतली मांडणी बदलते आणि रीड नॉइज एकदम खाली येतो. तुमच्या कॅमेऱ्यासाठी असा उंबरठा कुठल्या गेनवर आहे ते उत्पादकाच्या आलेखात दिसतं. नॅरोबँडसाठी गेन तिथेच ठेवा.

हिस्टोग्राम डावीकडून एक तृतीयांशावर यायला हवा, हा नियमही इथे विसरा. अंधाऱ्या जागी नॅरोबँडमध्ये तो तिथे कधीच येणार नाही. त्याऐवजी एका फ्रेमचा मीडियन, म्हणजे सगळ्या पिक्सेलांतला मधला आकडा काढा आणि त्यातून तेवढ्याच वेळेच्या डार्क फ्रेमचा मीडियन वजा करा. वरच्या उदाहरणात पाच मिनिटांना हा फरक जेमतेम वीस-पंचवीस येतो, पासष्ट हजारांपैकी. तो बघून माणूस घाबरतो, पण तो बरोबर आहे. फरक दोन-चारच येत असेल तर फ्रेम वाढवा. आकाशाचे इलेक्ट्रॉन रीड नॉइजच्या वर्गाच्या निदान अडीच-तीनपट झाले की मी थांबतो.

तीन नॅनोमीटरचा फिल्टर असेल तर दहा मिनिटांपर्यंत जावं लागतं. एफ/२.८ ची लेन्स असेल तर दीड-दोन मिनिटांतही भागतं, कारण उजेड चौपटीहून जास्त येतो. ताऱ्यांचे गाभे जळतील ही भीती खरी आहे. त्यासाठी शेवटी तीस-तीस सेकंदांच्या वीसेक फ्रेम वेगळ्या घ्या आणि तारे तिथून उचला.

आणि थोडी अपेक्षाही तपासा. वृषभ आणि सारथीच्या सीमेवर, अग्नी ताऱ्याजवळ सिमिस १४७ हा सुपरनोव्हाचा अवशेष आहे. शार्पलेसच्या १९५९ च्या तेजोमेघांच्या यादीत तो २४० वा. आपल्याकडून तो जवळजवळ डोक्यावर येतो, म्हणून सगळ्यांना मोह होतो. पण तीन अंश आकाशात पसरलेले ते तंतू इतके फिके आहेत की एका फ्रेममध्ये त्यांचा मागमूस दिसत नाही. दहा तासांखाली मी त्याच्याबद्दल मतच देत नाही.

फोकस: फिल्टर लावूनच करायचा

ल्युमिनन्सवर फोकस करून मग एच-आल्फा फिरवणारे अजून भेटतात. फिल्टरच्या काचेमुळे फोकस तिच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांशाने मागे सरकतो. एक फिल्टर २ मिमीचा आणि दुसरा ३ मिमीचा असेल तर फरक पडला ०.३३ मिमीचा. एफ/६ वर तुमच्याकडे दोन्ही बाजूंना मिळून ०.१ मिमीच्या आसपास जागा असते. म्हणजे तुम्ही फोकसच्या गल्लीत नाही, पलीकडच्या पेठेत आहात. आणि फोकस चुकल्यावर ताऱ्यांपेक्षा जास्त नुकसान फिक्या तंतूंचं होतं: त्यांचा उजेड शेजारच्या पिक्सेलांत वाटला जातो आणि खरखरीखाली बुडतो.

रोहिणीसारखा ठळक तारा घ्या, बाहतिनोव्ह मास्क (ताऱ्याभोवती रेघा उमटवून फोकस दाखवणारी जाळी) लावा, एच-आल्फातूनच तीन-चार सेकंदांच्या फ्रेम घेत मधली रेघ मध्यावर आणा. मास्क पुठ्ठ्याचा कापलेला असला तरी चालतो.

दर तासाला पुन्हा बघा. अ‍ॅल्युमिनियमची अर्ध्या मीटरची नळी १० अंशांनी थंड झाली की शंभरेक मायक्रॉन आखडते, आणि डिसेंबरात अकोल्याच्या बाजूला संध्याकाळ ते पहाट एवढा उतार सहज पडतो. दहा वाजता टोकदार आणि दोनला मऊ, याचं पहिलं कारण हेच.

दव

दुसरं कारण दव. लेन्सवर टॉर्च तिरपा मारा. दुधी दिसलं की समजा. पुसू नका, काचेवरचा लेप खरवडतो. हेअर ड्रायर लांबून, मंद आचेवर. पुढच्या वेळेसाठी दवपट्टा, म्हणजे ड्यू हीटर, आणि तो रात्रीच्या सुरुवातीलाच चालू करायचा. दव बसल्यावर लावलेल्या पट्ट्याला दुप्पट वेळ लागतो.

चित्राच्या मध्यावर वाढत जाणारा डाग हा पुढच्या लेन्सचा नव्हे. तो थंड केलेल्या सेन्सरच्या काचेवरचा. कूलिंग उणे दहाऐवजी शून्यावर आणा, कॅमेऱ्यातली सिलिकाची पुडी बदला किंवा उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे सुकवा. त्यानेही गेला नाही तर शेवटचा भाग वाचा.

वीज

याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, पण मल्टीमीटर घेऊन बघा. कूलिंग, दवपट्टा, माउंट, सगळं एकाच १२ व्होल्टच्या बॅटरीवर आणि मध्ये चार मीटर बारीक वायर. पहाटे भाराखाली व्होल्टेज अकराच्या खाली उतरतं, कूलिंग तापमान धरत नाही, आणि मग उणे दहाच्या डार्क फ्रेम उणे चारच्या फ्रेमना जुळत नाहीत. खरखर आणि पट्टे तिथून येतात. वायर जाड आणि आखूड करा, दवपट्ट्याला वेगळी बॅटरी द्या.

गायडिंग आणि ध्रुव

गायडिंग म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल सतत सुधारत राहणं, आणि त्याआधी माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. यात एका मिनिटाच्या फ्रेममध्ये लपलेला दोष पाच मिनिटांत उघडा पडतो. आपल्याकडे यात दोन खास अडचणी आहेत. ध्रुवतारा जेमतेम वीस अंशांवर, म्हणजे सह्याद्रीत तो बहुधा डोंगराआड नाहीतर धुरकटीत. तो दिसायलाच हवा असं नाही. तीन ठिकाणचे फोटो घेऊन ध्रुव शोधून देणारी सॉफ्टवेअर आता फुकट मिळतात, ती वापरा. दुसरं, इतक्या कमी अक्षांशावर माउंटचा अक्ष जवळपास आडवा होतो आणि वजनाचा दांडा तिपाईच्या उत्तरेकडच्या पायाला थडकतो. मध्यरात्री गायडिंग एकाएकी कोलमडलं तर आधी वाकून तिथे बघा. तिपाई फिरवून तो पाय दक्षिणेला नेला की बहुतेक वेळा सुटका होते. नाहीतर मध्ये छोटा खांब बसवावा लागतो.

आकडा तपासायचा तर पिक्सेलचं माप मायक्रॉनमध्ये घेऊन २०६.२६५ ने गुणा आणि नाभीय अंतराच्या मिलिमीटरांनी भागा. ३.७६ आणि ४८० ला दर पिक्सेलमागे १.६ विकला येतं (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). गायडिंगची चूक त्याच्या निम्म्यावर असेल तर दोष तिथे नाही.

फ्लॅट, आणि शेवटी फिल्टर

फ्लॅट, म्हणजे कोपऱ्यांचा काळोख वजा करण्यासाठी एकसारख्या उजेडात घेतलेल्या फ्रेम, प्रत्येक फिल्टरचे वेगळे आणि कॅमेरा न फिरवता घ्या. फिका तेजोमेघ आणि कोपऱ्यांचा काळोख यांतला फरक दोन-तीन टक्क्यांचाही नसतो. फ्लॅट चुकीचा असेल तर ताणताना दोन्ही एकदमच वर येतात किंवा एकदमच मरतात.

फिल्टर बदलायचा विचार सगळ्यात शेवटी, कारण सगळ्यात महाग. एकाच बाबतीत तो आधी करा: खूप वेगवान (लहान एफ-आकड्याची) दुर्बीण आणि खूप अरुंद फिल्टर. तिरप्या किरणांसाठी फिल्टरची खिडकी निळ्या बाजूला सरकते. एफ/५ ला काठाच्या किरणांसाठी हे सरकणं नॅनोमीटरभरही नसतं, पण एफ/२ ला ते पाचाच्या घरात जातं. साध्या तीन नॅनोमीटरच्या फिल्टरमधून मग काठाचा बराच एच-आल्फा बाहेरच राहतो. अशा दुर्बिणींसाठी आधीच सरकवून बनवलेले फिल्टर मिळतात. विकत घेण्याआधी एखाद्या मंडळातल्या मित्राचा सात नॅनोमीटरचा मागून घ्या आणि एम ४२ वर दोन्हींची एकेक फ्रेम घेऊन बघा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था काय किंवा मुंबईचं खगोल मंडळ काय, अशा ठिकाणी चार जुनी माणसं भेटतातच.

इथे थांबा, जाणकाराकडे द्या

डीएसएलआरच्या सेन्सरपुढची काच काढायला स्वतः बसू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास दाब बंद कॅमेऱ्यातही राहू शकतो, आणि झटका बसला नाही तरी सेन्सर तिरका बसतो.

पावसाळ्यानंतर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. अपवर्तक दुर्बिणीच्या काचा सुट्या करायच्या नाहीत. त्यांच्यातलं अंतर आणि फिरवण एकदा हलली की घरी जुळत नाही. कोकणातल्या मित्रांनी तर हे जूनच्या आधीच तपासून घ्यावं.

पुडी बदलूनही सेन्सरच्या काचेवर बर्फ धरत असेल, पूर्ण व्होल्टेज देऊनही कूलिंग तापमान धरत नसेल, किंवा झाकण लावून घेतलेल्या फ्रेममध्येही तोच पट्टा त्याच जागी येत असेल, तर तो कॅमेरा खरंच आजारी आहे. वॉरंटीत असेल तर एकही स्क्रू न काढता परत पाठवा. सोबत तीन गोष्टी द्या: झाकण लावून घेतलेली ३०० सेकंदांची मूळ फ्रेम, तेव्हाचं सेन्सरचं तापमान आणि कूलिंग किती टक्क्यांवर होतं तो आकडा, आणि भाराखाली मोजलेलं व्होल्टेज. नुसतं "फोटो नीट येत नाहीत" असं लिहून पाठवलेला कॅमेरा महिनाभराने "दोष आढळला नाही" अशा चिठ्ठीसह परत आलेला मी दोनदा पाहिला आहे.